लिनक्स सुरू होतं, पण डेस्कटॉप येत नाही: नेमकं कुठे अडकलंय ते कसं शोधायचं

‘लॅपटॉप काळा झालाय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काळा म्हणजे कसा काळा? समोरच्याला आधी रागच येतो. काळा तो काळा, त्यात विचारायचं काय! पण विचारावं लागतं. स्क्रीन ठार काळी असणं वेगळं आणि डाव्या कोपऱ्यात रेघ लुकलुकत असणं वेगळं. काळ्या स्क्रीनवर माऊसचा बाण हलत असेल तर तो तिसराच प्रकार. आणि पासवर्ड दिल्यावर क्षणभर अंधार होऊन पुन्हा पासवर्डच मागितला जात असेल, तर तो चौथा. चारही तक्रारी ऐकायला सारख्या, पण त्यांची कारणं चार वेगळ्या ठिकाणी असतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवणारे वाढलेत आणि माझे फोनही. बहुतेकांनी मला गाठण्याआधी एकदा तरी सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल केलेलं असतं. त्याची गरज क्वचितच पडते. डेस्कटॉप आला नाही म्हणजे लिनक्स गेलं असं नाही. खाली यंत्रणा ठणठणीत चालू असते, फक्त वरचा चित्रांचा थर उभा राहिलेला नसतो.

पुढचं सगळं उबुंटू २४.०४ समोर ठेवून लिहिलंय. मिंट आणि डेबियन वापरणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चाराने देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे मी सांगेन. जिथे जागा सोडली आहे तिथे जागा सोडायची, डॅश आहे तिथे डॅश. ‘सिस्टिमसीटीएल’ म्हणजे सिस्टिम या शब्दाला सी-टी-एल ही तीन अक्षरं सलग चिकटवायची. ‘जर्नलसीटीएल’चंही तसंच.

आधी साखळी डोक्यात बसवा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवायचं, असं चालतं. मदरबोर्डवरचं फर्मवेअर ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, उठवतं. ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्यासोबतची इनिटरॅमएफएस नावाची छोटी शिदोरी मेमरीत आणतो. कर्नल हार्डवेअर ओळखतो, डिस्क जोडतो आणि सिस्टिमडीला कामाला लावतो. सिस्टिमडी एकेक सेवा सुरू करत शेवटी डिस्प्ले मॅनेजरपाशी येतो. पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवतो तो हा. उबुंटूत त्याचं नाव जीडीएम३, मिंटमध्ये लाइटडीएम, केडीई प्लाझ्मासोबत बहुधा एसडीडीएम. तुम्ही पासवर्ड दिलात की स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या वेलँड किंवा एक्सच्या आधाराने तुमचं सत्र उभं राहतं, आणि मग नोम, सिनॅमन, एक्सएफसीई यांपैकी जो डेस्कटॉप असेल तो दिसतो.

आता वरचे चार काळे रंग या साखळीवर ठेवून बघा. ग्रबनंतर लगेच ठार काळं झालं तर संशय कर्नलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर. अक्षरं धावून गेली आणि लुकलुकणारी रेघ उरली तर डिस्प्ले मॅनेजर उठलेला नाही. पासवर्डची खिडकी आली, पण पुन्हा पुन्हा तीच येते, तर खालचं सगळं ठीक आहे. गडबड तुमच्या होम फोल्डरमध्ये (तुमच्या फाइल आणि सेटिंग्ज असतात तिथे) किंवा डिस्कवरच्या जागेत. पासवर्ड घेतला, बाण दिसतोय, बाकी अंधार, तर डेस्कटॉपचं कवच कोसळलंय.

एक मिनिट आणखी घ्या. बाहेरचा मॉनिटर असेल तर वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये आहे की ग्राफिक्स कार्डच्या, हे मागे वाकून बघा. लॅपटॉप असेल तर ब्राइटनेस वाढवून बघा, काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरपा मारून मागे काही दिसतंय का तेही बघा. हसू नका. दोन तास ड्रायव्हर बदलून झाल्यावर वायर चुकीच्या जागी सापडल्याचा अनुभव गाठीशी आहे.

आणि डेबियन नुकतंच टाकलं असेल तर दुसरी शक्यता. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर निवडीच्या यादीत डेस्कटॉपवर खूणच केली नसेल, तर डेस्कटॉप आलेलाच नसतो. उबुंटूची सर्व्हर आवृत्ती उतरवली असेल तरीही तेच. तिथे बिघडलेलं काही नाही. डेबियनवर ‘सुडो टास्कसेल’ देऊन डेस्कटॉप निवडला, उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’ दिलं की काम झालं. (सुडो म्हणजे ‘ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालव’.)

अक्षरांच्या स्क्रीनपर्यंत पोहोचायचं

दुरुस्तीसाठी डेस्कटॉप लागत नाही, कमांड टाइप करता येईल अशी जागा लागते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएनसुद्धा सोबत दाबावं लागतं. काळ्या स्क्रीनवर ‘लॉगिन’ असा शब्द आला तर अर्धी लढाई जिंकलात. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडलाय असं समजून लोक इथे गडबडतात. टाइप करत राहा आणि एंटर द्या. उबुंटूत परत पासवर्डच्या खिडकीकडे जायला कंट्रोल, ऑल्ट, एफ१. चालू सत्र असेल तर बहुधा एफ२.

मराठीत सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. या अक्षरी कन्सोलला देवनागरी जोडाक्षरं मांडता येत नाहीत, त्यामुळे संदेश चौकोनांच्या रांगेसारखे दिसतात. लॉगिन झाल्यावर आधी एवढं द्या:

एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी

यातली एलसी, ऑल आणि शेवटचं सी ही अक्षरं मोठी. एक्स्पोर्ट लहान अक्षरांत. संदेश इंग्रजीत येऊ लागतील. इन्स्टॉल करताना कीबोर्डसुद्धा मराठीच निवडला असेल तर पासवर्डच चुकतोय असं वाटेल. लॉगिनच्या जागी आधी काही अक्षरं टाइप करून काय उमटतंय ते बघा.

एफ३ दाबूनही काहीच हललं नाही, तर ग्रबच्या दारातून शिरायचं. मशीन बंद करून सुरू करा. कंपनीचं चिन्ह आलं की एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी ग्रबचा कमांड मागणारा प्रॉम्प्ट येतो. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दिलं की मेनू परत येतो.

मेनूतली पहिली ओळ निवडून इंग्रजी ई दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाला ‘क्वायट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. ते पुसा, म्हणजे सुरू होताना काय घडतंय ते ओळीओळीने दिसेल. त्या जागी इंग्रजी आकडा ३ लिहिला तर मशीन डेस्कटॉपच्या भानगडीत न पडता थेट अक्षरी लॉगिनवर थांबतं. ३ ऐवजी ‘नोमोडसेट’ असा सलग शब्द लिहिला तर कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरला हात न लावता साध्या, कमी रेझोल्यूशनच्या चित्रावर भागवतो. मग कंट्रोल आणि एक्स किंवा एफ१० दाबून पुढे जा.

नोमोडसेटने डेस्कटॉप दिसला तर निदान झालं: दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. औषध मात्र झालेलं नाही. ग्रबमध्ये ई दाबून केलेला बदल एका वेळेपुरताच असतो, आणि ते बरंच आहे. काही जण सल्ला वाचून नोमोडसेट कायमचं लिहून ठेवतात. मग इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर चढतच नाहीत, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो, पंखा घोंघावतो, व्हिडिओ अडखळतो, आणि सहा महिन्यांनी तक्रार येते की ‘लिनक्स फार स्लो आहे’.

याच मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आहे. काल अपडेट केलं आणि आज डेस्कटॉप गेला, अशी कहाणी असेल तर बाकी काही करण्याआधी तिथून आधीचा कर्नल निवडून बघा. उबुंटू जुना कर्नल ठेवून देतं, ते याचसाठी. जुन्यावर चाललं तर तुमचं कामही अडत नाही आणि दोषी कोण तेही कळतं.

पहिल्या तीन तपासण्या

लॉगिन मिळालं की मी क्रम मोडत नाही. आधी जागा:

डीएफ -एच

शेवटच्या रकान्यात एकटी तिरकी रेघ असलेली ओळ बघा. वापर १०० टक्के असेल तर बाकीचा लेख तूर्त सोडून द्या. डेस्कटॉप सुरू होताना त्याला छोट्या छोट्या फाइल लिहाव्या लागतात. जागा नसेल तर तो निमूटपणे मरतो आणि तुम्हाला पुन्हा पासवर्डच्या खिडकीवर आणून सोडतो. डिस्क भरलीय, असं सांगायलाही तो थांबत नाही. एक्स्ट४ फाइलसिस्टिम नेहमीप्रमाणे बनवली असेल तर ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकासाठी, राखीव असते, म्हणून सुडोने दिलेल्या कमांड अशाही वेळी चालतात. जागा मोकळी करायला:

सुडो एपीटी क्लीन
सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम

पहिली कमांड एपीटीने (सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं साधन) उतरवून ठेवलेली पॅकेजेस टाकून देते, दुसरी जुन्या नोंदी २०० एमबीवर आणते. एम मोठं आणि आकडे इंग्रजी. तरीही भागलं नाही तर ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच’ देऊन सगळ्यात मोठं फोल्डर कोणतं ते बघा आणि त्याच्यात उतरत जा. होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’ नावाची लपलेली फाइल कधीकधी काही जीबींची होऊन बसलेली सापडते. ‘/बूट’ वेगळं पार्टिशन असेल आणि तेच भरलं असेल तर ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल काढून टाकतं. /बूट भरलेलं असताना झालेला कर्नल अपडेट अर्धवट राहतो, आणि मग पुढच्या बूटला गोंधळ.

दुसरी तपासणी डिस्प्ले मॅनेजरची:

सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर

जीडीएम असो की लाइटडीएम, हे नाव सगळ्यांना चालतं. ‘ॲक्टिव्ह रनिंग’ दिसलं तर तो जिवंत आहे. ‘फेल्ड’ असेल तर खालच्या ओळींत कारण डोकावतं. सेवा सापडलीच नाही असं उत्तर आलं तर डिस्प्ले मॅनेजरच उडालाय. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीडीएम३’ करा, मिंटवर लाइटडीएम. दोन डेस्कटॉप टाकून बघण्याची हौस असलेल्यांच्या मशीनवर दोन डिस्प्ले मॅनेजर भांडत असतात. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ दिलं की कोणता ठेवायचा ते विचारतं.

सगळं ठीक दिसतंय, तरी मशीन अक्षरी लॉगिनवरच थांबतं? मग ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ विचारा. उत्तर ‘मल्टी-यूजर डॉट टार्गेट’ आलं तर कोणीतरी, बहुतेक तुम्हीच, कधीतरी ते बदललंय. ‘सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट’ आणि रीबूट.

तिसरी तपासणी नोंदींची:

जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर

यातला बी म्हणजे आत्ताचं बूट. याआधीच्या फसलेल्या बूटचं बघायचं असेल तर बीनंतर जागा सोडून -१ लिहा. लाल ओळी बघून घाबरू नका. चांगल्या चालत्या मशीनवरसुद्धा दहाबारा लाल ओळी असतात, ब्लूटूथची कुरकुर आणि एसीपीआयची रडगाणी. तुम्ही शोधायचंय ते जीडीएम, नोम-शेल, एनव्हिडिया, एएमडीजीपीयू, आय९१५ (हा इंटेलचा) या शब्दांच्या आसपास. जुन्या एक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी ‘/व्हार/लॉग’मध्ये ‘एक्सऑर्ग.०.लॉग’ (पहिला एक्स मोठा) ही फाइल असते. तिच्यात कंसातले दोन मोठे ई म्हणजे चूक. ही ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणालाही विचारायला गेलात तर पहिलं तेच मागतील.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा पासवर्डच

जागा शिल्लक असूनही हा फेरा चालू असेल तर एक छोटी चाचणी करा: ‘सुडो ॲडयूजर चाचणी’सारखा नवा वापरकर्ता तयार करा (नाव रोमनमध्ये) आणि डेस्कटॉपवर त्याच्या नावाने शिरा. तो सुखरूप आत गेला तर ड्रायव्हर, डिस्प्ले मॅनेजर, कर्नल सगळे निर्दोष. घोळ तुमच्या होममध्ये.

बहुतेक वेळा तो मालकीचा घोळ असतो. कुणीतरी सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवतो, आणि होममधल्या काही फाइल रूटच्या नावावर जातात. पुढच्या वेळी तुमचं सत्र त्या लिहायला जातं आणि दारातूनच परत फिरतं. होममध्ये ‘एलएस -एलए’ देऊन तिसरा आणि चौथा रकाना बघा. तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ दिसलं की सापडलं. एक्सवर चालणाऱ्या मिंट आणि एक्सएफसीईत हमखास सापडणारी फाइल ‘.एक्सऑथॉरिटी’ (एक्स मोठा, बाकी लहान). मालकी परत घ्यायची कमांड आहे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन:

सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर नाव:नाव /होम/नाव

आर मोठा, आणि ‘नाव’च्या जागी तिन्हीकडे तुमचं लॉगिन नाव. शेवटचा पत्ता नीट बघून मगच एंटर दाबा. तिथे नुसती तिरकी रेघ राहिली तर अख्ख्या सिस्टिमची मालकी तुमच्या नावावर होईल, सुडोसुद्धा चालेनासा होईल, आणि मग मात्र खरोखरच नव्याने इन्स्टॉल करावं लागेल.

‘/टीएमपी’ फोल्डरची परवानगी बिघडली तरी हाच फेरा लागतो. ‘सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी’ हा त्यावरचा उतारा.

एनव्हिडिया: इथे जरा बसूया

माझ्याकडे येणाऱ्या ठार काळ्या स्क्रीनपैकी बऱ्याच या घरातल्या असतात. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात, कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून येऊन राहणारा पाहुणा आहे. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याची सोय नव्याने लावावी लागते, आणि ती कुठेही चुकू शकते.

आधी सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे ते बघा:

एलएसपीसीआय -के

यादीत ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असलेली ओळ आणि तिच्या खालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ शोधा. तिथे एनव्हिडिया किंवा नुव्हो (हा खुला ड्रायव्हर) असायला हवं. ती ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही. मग हाताने चढवून बघा:

सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया

काहीच उत्तर आलं नाही तर चढला. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधलाच गेलेला नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर बांधलाय, पण सिक्युअर बूटने (सही नसलेला ड्रायव्हर अडवणाऱ्या सुरक्षेने) अडवलाय. दोन्हींची औषधं वेगळी.

बांधलाच गेला नसेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ आणि ‘यूनेम -आर’ दोन्ही द्या. डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन. दुसरी कमांड चालू कर्नलचा क्रमांक सांगते; पहिलीच्या उत्तरात त्याच क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ असायला हवं. नसेल तर बहुधा त्या कर्नलच्या हेडर फाइल नाहीत. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-’ याला यूनेमने सांगितलेला क्रमांक जसाच्या तसा चिकटवून ती कमांड द्या, मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. डीकेएमएस नावाची कमांडच नाही असं म्हणालं तर तुमच्याकडे उबुंटूने आधीच बांधून दिलेला ड्रायव्हर आहे किंवा ड्रायव्हरच नाही. दोन्ही वेळा खाली दिलेली स्वच्छ सुरुवात करा.

सिक्युअर बूटची गोष्ट गमतीची आहे. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीबूट केल्यावर निळ्या स्क्रीनवर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं येतं आणि दहा सेकंद थांबतं. लोकांना ते व्हायरससारखं वाटतं, किंवा चहा आणायला गेलेले असतात. दहा सेकंद संपले की मशीन पुढे निघून जातं, ड्रायव्हरची सही (तीच एमओके) नोंदवली जात नाही, आणि ड्रायव्हर उंबऱ्यावरच राहतो. सही पुन्हा रांगेत लावा:

सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/एमओके/एमओके.डीईआर

शेवटच्या फाइलच्या नावातलं एमओके मोठ्या अक्षरांत, फोल्डरचं लहान. तात्पुरता पासवर्ड द्या, रीबूट करा, आणि या वेळी मशीनसमोरून हलू नका. ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड, रीबूट. त्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवा. सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणं हा सोपा मार्ग आहे. घरच्या मशीनवर मी त्याला नावं ठेवणार नाही. ऑफिसच्या मशीनवर मात्र आधी विचारा.

आता स्वच्छ सुरुवात. ड्रायव्हरचे दोनतीन प्रयत्न एकमेकांवर चढलेले असतील तर उपसत बसण्यात अर्थ नाही:

सुडो एपीटी पर्ज ‘एनव्हिडिया-*’ ‘लिबएनव्हिडिया-*’
सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

अवतरणचिन्हं इथे टाइप करायची आहेत, कीबोर्डवरची साधी एकेरी. पहिल्या कमांडनंतर काय काय काढलं जाणार त्याची यादी येते. ती वाचा, मगच होकार द्या. दोन्हींच्या मध्ये एकदा रीबूट करून नुव्होवर डेस्कटॉप येतो का ते बघितलं तर आणखी चांगलं. कंपनीच्या साइटवरून ‘.रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला असेल तर तो पॅकेजच्या हिशोबात नसतो. तो ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ने काढावा लागतो. माझं मत विचाराल तर त्या फाइलच्या वाटेला जाऊच नये. पुढच्या कर्नल अपडेटला तुम्ही पुन्हा याच काळ्या स्क्रीनसमोर बसलेले असाल. एनव्हिडियाच्या साधनाने कधीकाळी ‘/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ’ (एक्स११ मधला एक्स मोठा) ही फाइल बनवून ठेवली असेल तर तीही ‘सुडो एमव्ही’ने दुसऱ्या नावावर हलवा. ड्रायव्हर गेला तरी ही फाइल त्याचंच नाव घेत बसते, आणि एक्स उठत नाही.

कार्डाचं वयही बघा. जीटीएक्स ७५०, ९५०, १०५०, १०६० ही आपल्याकडे अजून भरपूर चालणारी कार्डं मॅक्सवेल आणि पास्कल पिढीतली. त्यांना पेलणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८०. त्याहून जुन्या केप्लर पिढीसाठी ४७०, फर्मीसाठी ३९०, आणि ३९० ची डागडुजी २०२२ सालीच थांबली. नवीन आकडा म्हणजे चांगला, असं समजून वरची शाखा टाकली तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ तुमच्या कार्डाला चालणारे आकडे दाखवतं. फर्मीवाल्यांनी मुकाट नुव्होवर राहावं.

एएमडीचं दुखणं उलट्या बाजूचं: कार्ड नवीन, कर्नल जुना. उबुंटूवर ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ हे पॅकेज नवा कर्नल आणतं. डेबियनवर फर्मवेअर नसलं तरी काळं होतं, ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ टाका. २०२३ मधल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर येतं, त्यामुळे ही तक्रार बरीच कमी झालीय.

पॅकेजेसनी घात केला असेल तर

अपडेट चालू असताना वीज गेली, किंवा कंटाळून झाकण मिटलं, की निम्मी पॅकेजेस जुनी आणि निम्मी नवी असा संसार होतो.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

या क्रमाने. डेस्कटॉपच काढला गेला असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’. हे कसं होतं म्हणाल, तर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबवरच्या लायनस सेबॅस्टियन यांचं जगासमोर झालं तसं. पॉप ओएसवर त्यांनी स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजेसच्या एका गुंत्यामुळे एपीटीने डेस्कटॉप काढावा लागेल असं सांगितलं आणि खात्रीसाठी ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करून मागितलं. त्यांनी केलं, आणि डेस्कटॉप गेला. आपल्याकडे जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे ‘जुनं पायथन काढून टाकतो’ म्हणत पायथन३ उडवणं. उबुंटूचा निम्मा डेस्कटॉप त्याच्यावर उभा आहे.

या सगळ्याला इंटरनेट लागतं आणि डेस्कटॉप नसताना वायफाय कसं जोडायचं, इथे लोक अडतात. ‘एनएमटीयूआय’ द्या, निळ्या चौकटीत बाणांनी निवडता येतं. वायफायचा ड्रायव्हरही गेला असेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक मशीनवर ते लगेच चालतं.

मिंटवाल्यांनी टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं साधन) लावून ठेवलं असेल तर ‘सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर’ देऊन कालच्या दिवसात परत जाता येतं. लावलं नसेल तर डेस्कटॉप परत आल्याबरोबर लावा.

बाण हलतो, बाकी अंधार

नोमची एक्स्टेन्शन्स नव्या आवृत्तीत फुटतात, किंवा ‘समथिंग हॅज गॉन राँग’ म्हणणारी पांढरी स्क्रीन येते. होममधलं ‘.लोकल/शेअर/नोम-शेल/एक्स्टेन्शन्स’ हे फोल्डर ‘एमव्ही’ने दुसऱ्या नावावर हलवा आणि पुन्हा लॉगिन करा. पुसू नका, नंतर एकेक परत आणून दोषी कोण ते कळतं. प्लाझ्मामध्ये ‘.कॉन्फिग’मधल्या ‘प्लाझ्मा’ने सुरू होणाऱ्या फाइल अशाच हलवायच्या.

उबुंटू २४.०४ वर पासवर्डच्या खिडकीत उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक असतं. तिथून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडून बघा. ती खिडकीही येत नसेल तर ‘/ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ’मधल्या ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा. उबुंटू २५.१० मध्ये हा एक्सऑर्गचा पर्याय उरलेला नाही, तिथे शोधत बसू नका.

पासवर्डपर्यंत पोहोचतच नाही

‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट मोजलं जातं आणि मग इमर्जन्सी मोड येतो, तेव्हा ग्राफिक्सचा काही संबंध नाही. ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये लिहिलेली एखादी डिस्क सापडत नाहीये, बहुधा काढून ठेवलेली किंवा फॉरमॅट केलेली. ‘सुडो नॅनो’ने (नॅनो म्हणजे साधा मजकूर-संपादक) ती फाइल उघडा, त्या ओळीपुढे हॅश लावा, रीबूट. कधीमधी जोडायची डिस्क असेल तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा. आणि ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट आला तर वरच्या ओळीत नाव दिलेल्या पार्टिशनवर ‘एफएससीके -वाय’ चालवून ‘एक्झिट’ द्या. हे वारंवार होत असेल तर डिस्क मरायला टेकली आहे. आधी डेटा काढा.

काहीच उघडत नाही तेव्हा: पेनड्राइव्हवरून आत शिरणं

ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तो लावा, ‘ट्राय उबुंटू’ निवडा. पहिलं काम दुरुस्तीचं नाही: फाइल्स उघडून तुमचं होम सापडतंय का बघा आणि महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर क्लिक केल्यावर पासवर्ड मागेल. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ देऊन लिनक्सचं पार्टिशन ओळखा. समजा ते एनव्हीएमई०एन१पी२ आहे आणि बूटच्या फाइल ठेवणारं ईएफआयचं पार्टिशन पी१:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

शेवटची ओळ ‘प्रोक’, ‘सिस’ आणि ‘रन’ यांच्यासाठीही तशीच द्या. रन विसरलात तर आत गेल्यावर इंटरनेट असून नावं सापडणार नाहीत, कारण डीएनएसची फाइल तिथे असते. मग ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. आता तुम्ही पेनड्राइव्हवर बसून आतल्या सिस्टिमला हुकूम देताय. वरचे डीपीकेजी, एपीटी, पर्ज सगळे इथे चालतात. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, ‘अपडेट-ग्रब’, ‘एक्झिट’, आणि पेनड्राइव्ह काढून रीबूट. पहिल्या बूटला ‘क्वायट स्प्लॅश’ पुसूनच सुरू करा. अडलं तर निदान कुठल्या ओळीवर अडलं ते दिसेल.